तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

आमच्या घरात मला संशयी म्हणतात. आमच्या घरात म्हणजे दोघंच, धाकटी बहीण आणि मामा, पण दोघं मिळून वीस जणांइतकं बोलतात. मामा तर मला हाकच 'फौजदार' अशी मारतो.

मारू दे. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईनं संशय घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा? गेली बावीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासतेय, आणि छातीठोकपणे सांगते, स्वतःच्या डोळ्यांबद्दल माणूस जितकं खोटं बोलतो तितकं बायकोशीही बोलत नसेल. गाडीच्या परवान्यासाठी दाखला हवा असला की लोक भिंतीवरचा तक्ता पाठ करून येतात. शेवटची ओळ घडाघडा म्हणतात आणि जाताना काचेच्या दारावर नाक आपटतात. म्हणून मी दोन तक्ते ठेवलेत. पहिला वाचून झाला की गप्पा मारता मारता दुसरा लावायचा, अक्षरं वेगळी. मग एकेकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

खाली दुकान, मधल्या मजल्यावर आम्ही, आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांत जुन्या फ्रेमांची खोकी, वडिलांचं भिंगं घासायचं यंत्र, आणि धूळ. वडील गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि धाकटी दहा. आई आधीच गेलेली. तेव्हापासून तिची वेणी मी घातली, तिचा अभ्यास मी घेतला, आणि तिच्या तापात रात्ररात्र मीच जागले. माझंही मध्यंतरी एकदा जमलं होतं. त्या गृहस्थांनी तिसऱ्या भेटीत मला विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?" मी त्यांना दार दाखवलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकते.

तर धाकटी आता हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तीन-चार महिन्यांपूर्वी भांडी विसळता विसळता म्हणाली, "ताई, आमच्याकडे नव्या लिफ्ट बसवायला बाहेरच्या देशातली माणसं आलीत ना, त्यातला एक..."

"त्यातला एक काय?"

"चांगला आहे."

"म्हणजे लिफ्ट चांगली बसवतो?"

ती लाल झाली. मी नळ बंद केला. हातातली बशी खाली ठेवली आणि विचारलं, "किती पुढं गेलंय?"

"अगं, काय पोलिसासारखी विचारतेस! लग्न करायचं म्हणतोय."

मग सगळं बाहेर आलं. माणूस तीन वर्षं इथं आहे. लिफ्टच्या कंपनीत आहे, वय चाळीस, आईवडील नाहीत. हॉस्पिटलचं काम या महिन्यात संपतंय. कंपनीनं त्याला विचारलंय, परत तुझ्या देशात जातोस की इथल्या लिफ्टांची देखभाल बघतोस? उत्तर द्यायला मुदत अमुक सोमवारपर्यंत.

"तू हो म्हणालीस तर तो थांबेल," धाकटी म्हणाली. "तू नाही म्हणालीस तर मीच त्याला जा म्हणून सांगेन. तू मला वाढवलंस ताई. तुझ्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही. पण एक कर, त्याला नीट बघ. नेहमीसारखं नको."

नेहमीसारखं म्हणजे कसं, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

पहिल्यांदा आला तो रविवारी दुपारी जेवायला. दारात बूट काढले आणि खाली बसून, दोन्ही हातांनी वळवून, टोकं दाराकडे करून ठेवले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. म्हटलं, वा रे गडी! घरात पाऊल टाकायच्या आधी पळायची तयारी!

मग पिशवीतून एक खोकं काढलं, दोन्ही हातांवर धरून माझ्यापुढं वाकला आणि म्हणाला, "कृपया स्वीकारावे. अगदी फालतू वस्तू आहे."

मी धाकटीकडे बघितलं. आमच्या घरी पहिल्यांदा येतोय, फालतू वस्तू आणतोय, आणि वर सांगतोयही! त्याचं बोलणंही मोठं मजेशीर. आमची भाषा तो अर्धी वर्तमानपत्रातून शिकलेला आणि अर्धी लिफ्टच्या कामगारांकडून, त्यामुळे एकाच वाक्यात 'कृपया' आणि 'च्यायला' दोन्ही यायचं.

मीही रीत म्हणून दुकानातला एक चांगला काळा चष्मा त्याला दिला. त्यानं तो घेतला, वाकला, आणि न उघडताच बाजूला ठेवून दिला. बघितलंसुद्धा नाही! जेवायला बसला तर पहिल्या वाढपाला नको, दुसऱ्याला नको, मग घेतलं आणि भरपूर जेवला, पण शेवटी ताटात एक घास मुद्दाम ठेवला. बरं, सगळा वेळ मान खाली. माझ्याशी बोलताना माझ्या हनुवटीशी बोलत होता.

तो गेल्यावर मी म्हटलं, "जो डोळ्यांत बघत नाही त्याच्या पोटात काहीतरी आहे."

"ताई, त्यांच्यात घरातल्या मोठ्या माणसाकडे रोखून बघणं उद्धटपणा समजतात. भेटवस्तू देणाऱ्यासमोर उघडत नाहीत, हावरटपणा दिसतो म्हणून. आणि ताट चाटूनपुसून संपवलं तर यजमानानं पोटभर वाढलं नाही असं होतं."

"आणि बुटांचं?"

"जाताना बूट वळवत बसून यजमानाला ताटकळत ठेवायला लागू नये म्हणून."

"अच्छा. प्रत्येक गोष्टीला रीत आहे यांच्याकडे. खोटं बोलायलाही असेल."

मामा कोपऱ्यात खुर्चीवर बसून दात कोरत होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होता, आता आमच्याकडे असतो आणि दुनियाभरच्या बंदरांतल्या थापा मारतो. तो म्हणाला, "फौजदार, तू जग बघितलं नाहीस. एका बंदरात मी सूप गुपचूप प्यालो तर हॉटेलवाला रुसला. त्यांच्यात भुरके मारले नाहीत तर आवडलं नाही असा अर्थ. दुसऱ्या ठिकाणी एका बाईला मी सहा फुलं नेऊन दिली, ती रडायलाच लागली. तिकडं सम आकड्यातली फुलं मेलेल्या माणसाला वाहतात. आणि एका गावात वेटरला वर दोन नाणी ठेवली तर तो अर्धा मैल पळत मागं आला परत द्यायला. अपमान झाला म्हणे त्याचा!"

"मामा, बायकांना फुलं कशाला देत फिरत होतास?"

"तो मुद्दा नाही," मामा म्हणाला, आणि पुन्हा दात कोरायला लागला.

या दोघांना तो आवडला होता, हे मला लगेच कळलं. मग घरात एकानं तरी डोळे उघडे ठेवायला नकोत का? धाकटी माझ्या पोटची नसली म्हणून काय झालं. तिला फसवलं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?

दुसऱ्या वेळी मी त्याला दुकानात बोलावलं. म्हटलं, डोळे तपासून देते, फुकट. खुर्चीवर बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली, आणि पहिला तक्ता वाचायला सांगितला. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं. "शेवटची ओळ दिसत नाही. क्षमा असावी." दुसरा तक्ता लावला, तिथंही बरोबर त्याच ओळीशी थांबला. म्हणजे पाठ करून आलेला नव्हता. मला जरा वाईटच वाटलं.

मग मी बॅटरी घेऊन त्याच्या डोळ्यांत बघायला वाकले. गडी इतका अवघडला की कपाळावरून घाम टपटप गळायला लागला. इकडे बघा म्हटलं की तिकडे बघे, सरळ बघा म्हटलं की डोळे मिटून घेई. मी मनाशी म्हटलं, डोळ्यांत बघायची रीत नाही ते एक कळलं, पण घाम कशाचा? ज्याच्या मनात काही नाही त्याला घाम येतो का? वर जाता जाता त्यानं जिन्याकडे बघून विचारलं, "वरती किती मजले?" लिफ्टवाला आहे, मजले मोजणं त्याचं काम, असं धाकटी म्हणाली असती. मला मात्र तो तिसऱ्या भेटीतला गृहस्थ आठवला.

तेव्हाच मी ठरवलं, गळ टाकायचा.

सोमवारी त्याला कंपनीला उत्तर द्यायचं होतं. आदल्या रविवारी मी त्याला सकाळी बोलावलं. धाकटीला दुपारपासून सलग दोन पाळ्या होत्या, तिला लवकर जेवू घालून पाठवून दिलं. मामाला म्हटलं, मासळी आण आणि येताना केस कापून ये, खांद्यावर आलेत. मामाला केस कापायला दीड तास लागतो, कारण न्हाव्याला बंदरं सांगायची असतात.

लिफ्टवाला आला. मी त्याला वरच्या मजल्यावर नेलं. दार उघडून दोन्ही खोल्या दाखवल्या. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि वडिलांच्या यंत्रावर पडत होतं. तो यंत्राजवळ गेला, चाकाला हलकेच बोट लावलं आणि म्हणाला, "फार सुंदर. कृपया, हे चालते का?"

"नाही. वडील गेल्यापासून बंद आहे." मग मी घसा साफ केला. "असं बघा, लग्न झाल्यावर तुम्ही दोघं इथंच राहा. हा अख्खा मजला तुमचा."

माझी योजना साधी होती. घरावर डोळा असेल तर टुणकन उडी मारेल. नसेल तर नाही म्हणेल.

तो दचकला. "नाही, नाही! हे फार मोठे आहे. मी याच्या लायक नाही."

बरं. एकदा तर कुणीही नाही म्हणेल. मी म्हटलं, "लायकीचा काय प्रश्न? खोल्या नुसत्या धूळ खात पडल्यात. राहा तुम्ही."

तो खाली बघत राहिला. थोडा वेळ गेला. मग अगदी सावकाश म्हणाला, "नको, ताई. आम्हाला भाड्याची एक खोली पुरेल. आपण तसदी घेऊ नये."

आणि काय सांगू, माझं मन निवळलं. खरंच निवळलं. वाटलं, चुकलो आपण. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, ते आपलं झालंय. इथंच थांबायला हवं होतं. पण सवय हो, वाईट सवय! दुसरा तक्ता बरोबर वाचला तरी तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय माझं समाधान होत नाही. मी जुडग्यातून वरच्या मजल्याची किल्ली काढली, त्याच्यापुढं धरली आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "मी मनापासून देतेय. नाही म्हणू नका."

त्याचा चेहरा एकदम बदलला. तो ताठ उभा राहिला. मग दोन्ही हात पुढं करून त्यानं किल्ली घेतली, कपाळाला लावली, आणि कमरेत इतका वाकला की मला त्याच्या मानेवरचे पांढरे केस दिसले.

"होय," तो म्हणाला. "होय, ताई. आयुष्यभर." आणि डोळे पुसले.

सापडला! नको नको म्हणत शेवटी घेतलीच की! मांजर डोळे मिटून दूध पीत होतं इतकंच. पण खरं सांगायचं तर आनंद झाला नाही. धाकटीचा चेहरा डोळ्यांपुढं आला. तिला आता हे सांगायचं कसं? मी त्याला तोंडावर काही बोलले नाही. रडारड, आरडाओरडा मला नको होता. धाकटी सकाळी पाळी संपवून आली की तिला शांतपणे बसवून सांगायचं, मग ती त्याला काय ते सांगेल. किल्लीचं म्हणाल तर कुलूप बदलता येतं. तो बूट घालून घाईघाईनं गेला, आणि मी शेजारच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याकडे निरोप ठेवला की सकाळी ये, किल्ली परक्या माणसाकडे गेलीय, वरच्या मजल्याचं कुलूप बदलायचंय.

मामा मासळी घेऊन आला. केस कापून आल्यामुळे त्याचे कान मोठे दिसत होते. मी सगळं त्याला सांगितलं, कसा गळ टाकला, कसा मासा लागला. तो पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला.

"किती वेळा नाही म्हणाला?"

"दोनदा. आणि तिसऱ्यांदा लगेच हात पुढं! शितावरून भाताची परीक्षा."

मामा खुर्चीवर बसला. "फौजदार, काय केलंस हे? त्याच्या देशात दोनदा नाही म्हणायचंच असतं. कुणी चहा विचारला तरी दोनदा नाही, मग हो. जेवायला बसला तेव्हा बघितलं नाहीस? आणि तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे देणाऱ्यानं शब्द दिला. तेव्हा नाही म्हटलं तर तू खोटारडी आहेस असं तुझ्या तोंडावर सांगितल्यासारखं होतं. माझ्या एका कप्तानानं तिकडं तिसऱ्यांदा नाही म्हटलं होतं, तर त्या घराचे दरवाजे त्याला कायमचे बंद झाले."

"चहाचं ठीक आहे मामा. हे घर आहे."

"त्यांना चहा काय आणि घर काय, शब्द तो शब्द."

"तुझ्या सहा फुलांसारखंच ना हे?" मी म्हटलं. मामाच्या आठ गोष्टींतल्या सात थापा असतात, आणि आठवी कुठली ते त्यालाही ठाऊक नसतं. शिवाय मला वाटलं, या दोघांनी आधीच संगनमत केलेलं असेल. लिफ्टवाला मामाला दर वेळी तंबाखू आणून द्यायचा, ते मी बघितलं होतं.

मामा मासळी साफ करायला लागला. मामा गप्प बसला की मला चैन पडत नाही, पण त्या दिवशी मी त्याचाही राग राग केला. उद्या धाकटी रडेल तेव्हा तिला जवळ कोण घेणार आहे? मामा? मीच ना?

सोमवारी सकाळी शटर वर करते तर समोर एक टेम्पो उभा. त्यातून लिफ्टवाला उतरला. स्वच्छ पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मागून त्यानं एक ट्रंक उतरवली, एक गादीची वळकटी, आणि हत्यारांची लोखंडी पेटी.

"हे काय?" मी विचारलं.

तो वाकला. "सुप्रभात ताई. मी काल खोली सोडली. घरमालकाला सांगितले, माझ्या ताईंनी मला घर दिले. आता कंपनीत जाऊन सही करून आलो. मी परत जाणार नाही. लग्न होईपर्यंत मी एकटा वर राहीन, कृपया चिंता नसावी. आणि हे..." त्यानं पेटीवर हात ठेवला. "तेल आणले आहे, पट्टा आणला आहे. आपल्या वडिलांचे यंत्र मी आज चालू करतो, च्यायला."

मागून मामा जिन्यावर येऊन उभा राहिला होता. आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून धाकटी आली, सलग दोन पाळ्या करून आलेली, डोळे सुजलेले. तिनं टेम्पो बघितला, ट्रंक बघितली. त्यानं खिशातून किल्ली काढून तिला दाखवली आणि काय झालं ते सांगितलं.

धाकटी रस्त्यातच धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. हमसून हमसून रडायला लागली. "ताई गं! मला वाटलं, तू त्याला हाकलायला बोलावलंयस. म्हणूनच मला लवकर पाठवलंस असं वाटलं. मी अख्खी पाळी तुझ्याशी भांडायची वाक्यं जुळवत बसले होते. मी तुझ्यावर संशय घेतला ताई. मला माफ कर."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे तसा. मनात आलं, गप्प बस. आता तरी गप्प बस. काहीही कुणाला कळणार नाही. मजला त्यांना दे, ते राहतील, यंत्र चालू होईल, पोरगी रोज डोळ्यांसमोर असेल. तुला याहून जास्त काय हवंय? पण तरीही एक किडा वळवळत होता. मी तिच्या खांद्यावरून त्याला विचारलं, "तुम्ही दोनदा नाही म्हणालात. मग हो का म्हणालात?"

तो जरा लाजला. "पहिल्यांदा मी माझ्यासाठी नाही म्हणालो. लोभी दिसू नये म्हणून. दुसऱ्यांदा आपल्यासाठी. आपण घाईत बोलला असाल तर आपल्याला शब्द परत घेता यावा, लाज न वाटता. म्हणून मी थोडा थांबलोसुद्धा. पण आपण परत घेतला नाही. तिसऱ्यांदा विचारले. मग नाही कसे म्हणणार? आईनंतर मला कुणी घरात ये असे म्हटले नव्हते."

मामाची आठवी गोष्ट हीच होती. माझे डोळे भरून आले. मी तोंड उघडलं, चला वर, असं म्हणणारच होते. देवाशपथ, तेच म्हणणार होते.

"ताई, आलो बरं का!" सायकल लावत कुलूपवाला मोठ्यानं म्हणाला. "काल निरोप मिळाला. वरच्या मजल्याचंच कुलूप बदलायचं ना? किल्ली परक्या माणसाकडे गेलीय म्हणालात."

धाकटीचे हात माझ्या गळ्यातून सुटले. ती एक पाऊल मागं झाली. "ताई?"

मी इकडे तिकडे बघितलं. मामानं मान फिरवली.

"ताई, तू त्याला घर मनापासून दिलं नव्हतंस?"

खोटं बोलता आलं असतं. पण ज्या पोरीला खोटं बोललीस तर बघ म्हणून वाढवलं, तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. "मी... बघत होते," मी म्हटलं. "घेतो का ते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्याला आधी नीट समजलं नाही. त्यानं तिच्याकडे बघितलं, कुलूपवाल्याकडे बघितलं, मग हातातल्या किल्लीकडे. आणि समजलं तसा त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला, कान, मान, सगळं. त्याला राग आला असं मला वाटलं. पण तो पुढं आला, किल्ली दोन्ही हातांवर ठेवली आणि माझ्यापुढं वाकला.

"मला क्षमा करा," तो म्हणाला. "जे दिलेच नव्हते, ते मी घेतले."

अहो, तो माझी माफी मागत होता! मला भररस्त्यात कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी किल्ली त्याच्याकडे ढकलली. "नाही, नाही! ठेवा ती. चुकलं माझं. मी वेडी आहे, हलकट आहे, काय म्हणायचं ते म्हणा. आता मनापासून देते. घ्या."

"नाही, ताई."

"अहो, खरंच देते! मामा, सांग ना यांना! सगळं घर तुमचं. मी खाली दुकानात राहीन. घ्या हो."

"नको, ताई."

दोनदा झालं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं. दोनदा नाही म्हणायचंच असतं त्यांच्यात. आता तिसऱ्यांदा. मी किल्ली दोन्ही हातांवर घेतली, त्याच्यासारखीच, आणि आयुष्यात कधी कुणापुढं वाकले नव्हते तशी त्याच्यापुढं वाकले. "मी तिसऱ्यांदा विचारते," मी म्हटलं. "तुमच्या रीतीनं विचारते. हे घर घ्या."

रस्ता तसाच चालू होता. टेम्पोवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. लिफ्टवाल्यानं माझ्या हातांवरच्या किल्लीकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. अगदी हळू, अगदी अदबीनं.

मामानं डोक्याला हात लावला.

मी ताठ झाले तेव्हा तो ट्रंक उचलत होता. धाकटीनं वळकटी उचलली. मी तिचा हात धरला. "अगं, मी हो म्हणतेय. लग्नाला माझा होकार आहे. ऐकतेस ना? मी हो म्हणाले."

"ऐकलं ताई." तिनं हात हळूच सोडवून घेतला. "मला तेवढंच हवं होतं. घर आम्हाला नकोच होतं. मैत्रिणीकडे सामान ठेवतो आणि खोली बघतो. माझे कपडे संध्याकाळी येऊन नेईन."

"जेवायला तरी थांबा."

ती टेम्पोत चढली. तो चढण्याआधी पुन्हा एकदा माझ्याकडे वळून वाकला, रीत म्हणून, आणि मग चढला. मामा हत्यारांची पेटी टेम्पोपर्यंत घेऊन गेला आणि परत येईना, तिथंच फुटपाथवर बसून राहिला.

कुलूपवाला अजून सायकलीपाशी उभा होता. पिशवीतून त्यानं नवं कुलूप बाहेर काढलं होतं. "मग ताई," त्यानं विचारलं, "बदलायचं ना?"

"राहू दे," मी म्हटलं. "किल्ली माझ्याकडेच आहे."